वीस सह्यांची अट

जपानच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षात अध्यक्षपदाची निवडणूक लढवायची, तर आधी स्वपक्षाच्या 20 खासदारांचा लेखी पाठिंबा लागतो. पक्ष बहुतेक काळ सत्तेत असल्याने त्याचा अध्यक्षच सहसा पंतप्रधान होतो. म्हणजे पंतप्रधानपदाची पहिली पायरी या वीस सह्यांची.

2008 मध्ये युरिको कोइके ही पायरी चढणाऱ्या पहिल्या महिला ठरल्या. तारो आसो यांच्या 351 मतांपुढे त्यांना 46 मते पडली. सेइको नोदा यांना मात्र 2015 आणि 2018 मध्ये वीस सह्याही जमल्या नाहीत. पक्षातल्या सगळ्या महिला खासदार पाठीशी उभ्या राहिल्या असत्या तर? पण त्या मुळात थोड्या, शिवाय वेगवेगळ्या गटांत विखुरलेल्या. तेव्हा गटप्रमुखाचा शब्द मोडून सही करणे म्हणजे पुढच्या पदांवर पाणी सोडणे होते. 2019 मध्ये तोमोमी इनादा यांनी पक्षातील महिला खासदारांना एकत्र आणणारा मंच काढला, तो या पार्श्वभूमीवर मला फार मोलाचा वाटतो.

तरी सगळ्या महिलांचे मत एकच असेल असे मानणे चूक आहे. 2021 मध्ये नोदा आणि सानाए ताकाइची दोघीही रिंगणात होत्या. लग्नानंतर पतिपत्नींना वेगळे आडनाव ठेवू द्यावे, असे नोदांचे म्हणणे. ताकाइचींचा त्याला विरोध. नोदांना 63 मते मिळाली, माजी पंतप्रधान शिंझो आबेंचे पाठबळ लाभलेल्या ताकाइचींना 188.

त्याच ताकाइची पुढे 21 ऑक्टोबर 2025 रोजी जपानच्या पहिल्या महिला पंतप्रधान झाल्या.