ऑफिस सुटल्यावरचा बँड

माझा मावसभाऊ एमपी नगरमधल्या एका ऑफिसात कामाला आहे. दर शनिवारी रात्री तो आणि त्याचे तीन सहकारी कोलार रोडवरच्या त्याच्या खोलीत जमतात आणि ऑफिसवर विनोदी रॉक गाणी रचतात. गाणी हिंदीत, पण चौघांपैकी दोघे मराठी, म्हणून एक कडवं मराठीत हवंच. ‘तू साहित्यवाली ना?’ असं म्हणत ते काम दादा माझ्यावर ढकलतो.

मला हा सगळा टाइमपास वाटायचा. मग सर्नच्या बँडबद्दल वाचलं. जिनिव्हाजवळच्या या प्रयोगशाळेतल्या काही जणींनी १९९० मध्ये ‘ले ओरिब्ल सेर्नेत’ नावाचा बँड काढला. अर्थ साधारण ‘सर्नच्या भयंकर पोरी’. आद्याक्षरं एल-एच-सी, म्हणजे लार्ज हेड्रॉन कोलायडरचीच! गाणी लिहायचा त्यांचा सहकारी सिल्वानो दे जेन्नारो, जो तिथेच कॉम्प्युटरचं काम करायचा. त्यांच्या ‘कोलायडर’ गाण्यातल्या मुलीचा प्रियकर रोज रात्री यंत्रावर ड्यूटीला, आणि ही एकटी. आपण अभ्यासाला घेतो त्या विरहिणीचीच ही तक्रार, फक्त विठ्ठलाच्या जागी शास्त्रज्ञ. १९९२ मध्ये वेब नवीन असताना टिम बर्नर्स-ली यांनी या बँडचा फोटो मागून घेतला. वेबवर आलेल्या अगदी सुरुवातीच्या फोटोंमध्ये तो मोजतात.

घरी रेकॉर्डिंग करण्याचं उदाहरण म्हणजे अमेरिकेतला जोनाथन कोल्टन. प्रोग्रॅमरची नोकरी सोडून त्याने २००५ पासून वर्षभर दर आठवड्याला एक गाणं इंटरनेटवर टाकलं. त्यातलं ‘कोड मंकी’ म्हणजे मॅनेजरची बोलणी खाणारा आणि रिसेप्शनिस्टवर मरणारा प्रोग्रॅमर.

आता दादाच्या खोलीत हे होतं कसं? लॅपटॉप, त्याला जोडलेला ऑडिओ इंटरफेस, एक माइक. इलेक्ट्रिक गिटारची वायर थेट इंटरफेसमध्ये जाते आणि अँपचा आवाज सॉफ्टवेअर देतं, त्यामुळे शेजारी भांडायला येत नाहीत. खरे ड्रम खोलीत अशक्य, म्हणून ते कॉम्प्युटरवर एकेक ठोका मांडून करतात. सगळे जण कानात एकाच लयीची टिकटिक ऐकत आपापला भाग वेगवेगळा वाजवतात. कुणाची शिफ्ट असेल तर तो घरून फाइल पाठवतो. नोकरदारांचा बँड टिकतो तो यामुळेच. कंडेन्सर माइक फार नाजूक कानाचा, तो कूलरसुद्धा पकडतो. म्हणून मे महिन्यात कूलर बंद करून, मागे गोधडी टांगून, घामाघूम होत गायचं. आणि विनोदी गाण्यात शब्द कळलाच नाही तर विनोद मेला! त्यामुळे आवाज सुरू झाला की गिटार खाली आणावी लागते. आमच्या चर्चच्या कॉयरच्या सिस्टर ‘शेवटचं अक्षर गिळू नका’ म्हणून का ओरडतात, ते मला तिथे कळलं.

माझी चूक मात्र माइकची नव्हती. पहिल्याच गाण्यात मी ऑफिसातल्या एका मराठी काकांच्या हिंदीची नक्कल लिहिली. सगळे पोट धरून हसले, मीही. सोमवारी ती फाइल फिरत फिरत काकांच्या मोबाइलवर पोचली. ते दादाला एवढंच म्हणाले, ‘छान जमलंय.’ त्या दिवसापासून ते डबा घेऊन दुसऱ्या टेबलावर बसतात.

सेर्नेतचं गाणं मी त्यानंतर पुन्हा ऐकलं. त्यातली बाई आपलंच दुःख गाते, ‘कोड मंकी’ही स्वतःची फजिती सांगतो. मी मात्र त्या खोलीत नसलेल्या माणसावर हसले होते, आणि तो त्याच भाषेचा, जिच्यात मी डिग्री घेतेय.

ते गाणं आम्ही काढून टाकलं. नवीन गाणं हजेरीच्या अंगठा-मशीनवर आहे. त्यात दादाचाच अंगठा रोज नापास होतो, जे खरंच आहे. मधल्या तुकड्याला पेटी हवी आहे. काका गणपतीत पेटी वाजवतात, असं कळलंय. विचारायला दादा मला पाठवतोय, आणि मी दोन शनिवार टाळलेत.