लाल आणि पिवळा मिळून मातकट

शाळेच्या काचेच्या टाकीत आम्ही जावा मॉस आणि पाणवनस्पती लावल्या आणि दहा लाल व दहा पिवळे झिंगे सोडले. पिल्ले नारिंगी होणार, अशी मुलांची खात्री होती. पाच-सहा महिन्यांत टाकीत मातकट, अर्धपारदर्शक पिल्लेच जास्त दिसू लागली. पाणी बिघडले का?

पाण्याचा दोष नव्हता. हे लाल आणि पिवळे झिंगे एकाच जातीचे, निओकॅरिडिना डेव्हिडी. पूर्व आशियातल्या ओढ्यांत राहणारा हा झिंगा मुळात मातकटच असतो. माशांच्या नजरेतून सुटायला तो रंग सोयीचा. त्यांत एखादा लालसर निपजला की वेगळा काढायचा, त्याचीच वीण वाढवायची. असे पिढ्यान्पिढ्या करून माणसाने रंगीत वाण तयार केले. दोन वाण मिसळले की मूळ रंग पुन्हा वर येतो. डार्विनने पांढऱ्या आणि काळ्या पाळीव कबुतरांचा संकर करून पाहिला होता. पुढच्या एका पिढीत चक्क रानपारव्याच्या निळसर रंगाचे पिल्लू निघाले! ही हकीकत त्याच्या १८५९ सालच्या ग्रंथात आहे.

मग निराळ्या जातीचे झिंगे एकत्र ठेवले तर? शेवाळ खाण्यात पटाईत म्हणून जपानच्या ताकाशी अमानो यांनी १९८०च्या दशकात लोकप्रिय केलेला कॅरिडिना मल्टिडेंटाटा आमच्या टाकीत सुखाने राहिला. त्याचा लाल झिंग्यांशी संकर होत नाही. मात्र त्याची वीणही वाढली नाही. मादीच्या पोटाखाली शेकडो अंडी दिसली, पण पुढे काही नाही. कारण अंड्यांतून निघणाऱ्या डिंभांना वाढायला खारट पाणी लागते. ओढ्याच्या प्रवाहाबरोबर ते समुद्राकडे जातात आणि मोठे होऊन पुन्हा वर चढतात. आपल्या खाड्यांतली मोठी कोळंबीही असाच प्रवास करते. (तिला मात्र या टाकीत सोडू नये, तिच्या नांग्यांपुढे या बिचाऱ्यांचे काही चालणार नाही.) लाल झिंग्याची वीस-तीस अंडी तीनेक आठवड्यांत फुटतात आणि थेट इवलेसे झिंगेच बाहेर येतात.

लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा क्रिस्टल झिंगा आम्ही आणला नाही. त्याला मृदू, किंचित आम्लधर्मी आणि थंड पाणी लागते. आमचे बोअरचे पाणी जड. शिवाय माशांच्या काही औषधांत तांबे असते, ते सगळ्याच झिंग्यांना घातक, तेव्हा बाटलीवरची चिठ्ठी वाचावी.

मातकट पिल्लांतून लाल रंग परत मिळवता येईल का? त्यांतली जरा लालसर अशी सात पिल्ले मुलांनी वेगळ्या बरणीत ठेवली आहेत. मोजणी चालू आहे.