पाण्याला मीटर आहे, मग कचऱ्याला का नाही?

कराडला खेटून, पुणे-बेंगळुरू हायवेवर मलकापूर आहे. (बुलढाण्याचं नाही, शाहूवाडीचंही नाही. सर्च करताना हा गोंधळ ठरलेला.) भल्याभल्या महापालिकांना अजून जमलेलं नाही ते या गावाने २००९ च्या सुमारास करून दाखवलं: नळाला २४ तास पाणी, आणि त्या पाण्याला मीटर. मीटरही एएमआर, म्हणजे ऑटोमॅटिक मीटर रीडिंगवाला. त्यात छोटा रेडिओ ट्रान्समीटर असतो, त्यामुळे घरात न शिरता बाहेरूनच रीडिंग घेता येतं. पाणीपट्टी टेलिस्कोपिक, म्हणजे वापर वाढला की पुढच्या टप्प्याचा दरही वाढतो.

२४ तास पाणी दिलं तर लोक जास्त सांडतील असं वाटतं ना? उलट होतं. पाणी दिवसाआड येतं तेव्हा आपण पिंप, हंडे, कळशा भरून ठेवतो आणि पुन्हा पाणी आलं की कालचं 'शिळं' म्हणून ओतून देतो. नळ कधीही सोडता येत असेल तर साठवायचं कशाला? वर मीटरचा आकडा समोर दिसतो, आणि त्या आकड्याचं बिल येतं.

कचऱ्याचं नेमकं हेच होत नाही. दोन किलो द्या नाहीतर दहा किलो, घंटागाडी सारखीच येते आणि पैसेही तेवढेच लागतात.

आता तुम्ही म्हणाल, आमच्या दारावर तर क्यूआर कोड लावलाय, कर्मचारी रोज स्कॅन करतो. बरोबर. गाडीला जीपीएसही असतं. पण त्या सिस्टिममध्ये नोंद कशाची होते? गाडी आली का, तुमच्या दारी थांबली का, याची. म्हणजे हजेरी गाडीची लागते, कचऱ्याची नाही. काम चोख होण्यासाठी हे उपयोगाचं आहेच. आपल्या भागाने त्यात नावही कमावलंय: स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाखालच्या शहरांमध्ये २०२० ला कराड देशात पहिलं आलं, २०२१ ला विटा, २०२२ ला पाचगणी. तिन्ही सातारा-सांगलीतली! पण कचरा छान उचलला जाणं वेगळं आणि मुळात कमी होणं वेगळं.

कचऱ्याला खरोखर मीटर लावलाय दक्षिण कोरियाने. तिथे बऱ्याच अपार्टमेंटच्या खाली आरएफआयडीचे डबे असतात. कार्ड टेकवलं की झाकण उघडतं, उरलेलं अन्न टाकलं की डबा वजन करतो आणि त्या वजनाचे पैसे तुमच्या नावावर चढतात. अन्नाच्या कचऱ्याला प्रमाणानुसार पैसे ही पद्धत तिथे २०१३ पासून देशभर आहे.

हे उद्या जसंच्या तसं इथे आणावं असं मला वाटत नाही. किलोमागे पैसे लागले की काही पिशव्या रात्री ओढ्यात जातील. ओढ्याचं पाणी कोयना-कृष्णेत, आणि खाली सांगलीकर कृष्णेचंच पाणी पितात. पण बिल नसलं तरी आकडा पाहायला कुणाची परवानगी लागत नाही.

आधी अंदाज घ्या. केंद्र सरकारच्या २०१६ च्या मॅन्युअलमध्ये दोन लाखांखालच्या शहरांसाठी माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम कचरा धरलाय. चौघांचं घर म्हणजे दिवसाला साधारण एक किलो, वर्षाला साडेतीन क्विंटलच्या पुढे.

तुमचा आकडा काढायला बॅग मोजायचा लटकता डिजिटल काटा पुरतो. ओल्या कचऱ्याचं वजन करा, सुका मात्र मोजा. कारण वेफर्सच्या रिकाम्या पाकिटाचं वजन जेमतेम काही ग्रॅम, काट्यावर ते दिसणारच नाही. फोनवर शीटमध्ये चार कॉलम पुरे: तारीख, ओल्याचं वजन, त्यातलं वाया गेलेलं अन्न, सुक्याचे नग. साली-देठं वेगळी आणि टाकलेला भात-पोळी वेगळी तोलणं महत्त्वाचं. साली टाळता येत नाहीत, त्या कुंडीत किंवा ड्रममध्ये कुजवायच्या. नुसत्या ओल्याला वास सुटतो म्हणून दर थरावर सुका पाला टाका. आपल्याकडे उसाचं पाचट हवं तेवढं मिळतं. भात मात्र टाळता येतो, आणि तीन-चार दिवसांच्या नोंदी पाहिल्या की किती कमी शिजवायचा तेही कळतं.

सुक्यासाठी माझी कसोटी एकच: भंगारवाला हे घेईल का? पुठ्ठा, बाटली, डबा घेईल. वेफर्सचं पाकीट आणि शाम्पूचं सॅशे नाही घेणार, कारण त्यात वेगवेगळे थर एकमेकांना चिकटवलेले असतात आणि ते सुटे करणं परवडत नाही. म्हणून या नगांचा कॉलम वेगळ्या रंगाने भरा आणि कमी करायला सुरुवात तिथूनच करा. दहा सॅशेऐवजी एक बाटली, अर्ध्या लिटरच्या दोन दुधाच्या पिशव्यांऐवजी लिटरची एक. पिशवीचा कोपराही पूर्ण कापू नका, तो इवलासा तुकडा वेचायला कुणी बसत नाही.

सात दिवसांची नोंद पुरे. फक्त त्यात एक रविवार आणि जमलं तर एक पाहुण्यांचा दिवस येऊ द्या, नाहीतर आकडा उगाच गोड दिसेल.