एच-१बीवर अमेरिकेत राहताना

अमेरिकेत एच-१बी या कामाच्या व्हिसावर नोकरी करणाऱ्या परदेशी माणसाचे वास्तव्य पासपोर्टखेरीज आणखी तीन कागदांवर अवलंबून असते, आणि या तिन्हींवरच्या तारखा वेगवेगळ्या असू शकतात. वकिलातीत मिळालेला व्हिसाचा शिक्का प्रवेश मागण्यापुरता असतो. देशात असताना त्याची मुदत संपली तरी वास्तव्य बेकायदा होत नाही. भारतात येऊन परतायचे असेल तरच नवा शिक्का लागतो. कंपनीच्या अर्जाची मंजुरी आय-७९७ या कागदावर येते. राहण्याची खरी मुदत मात्र आय-९४ ही प्रवेशनोंद ठरवते. पासपोर्ट लवकर संपत असेल तर विमानतळावरचा अधिकारी या नोंदीत पुष्कळदा पासपोर्टचीच तारीख घालतो. मंजुरी तीन वर्षांची आहे म्हणून निर्धास्त राहणारे नेमके इथे अडकतात. मुदतीनंतरचे बेकायदा वास्तव्य १८० दिवसांच्या पुढे गेले, तर देश सोडल्यावर तीन वर्षे प्रवेश बंद होतो. वर्षभर झाले तर दहा वर्षे. म्हणून प्रत्येक प्रवेशानंतर आय-९४ ऑनलाइन पाहून घेणे अत्यावश्यक आहे. घर बदलल्यास दहा दिवसांत नवा पत्ता कळवणेही बंधनकारक आहे.

एच-१बीचा अर्ज कंपनी करते, कर्मचारी नाही. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी विद्यापीठातून मास्टर्स किंवा त्याहून वरची पदवी घेतलेल्यांसाठी आणखी २०,००० अशी मर्यादा आहे. वास्तव्य एरवी सहा वर्षांचे. नोकरी गेली तर जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात, आणि आय-९४ त्याआधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. या काळात नव्या कंपनीने रीतसर अर्ज दाखल केला की मंजुरीची वाट न पाहता तिथे कामाला लागता येते. घरभाडे, मुलांची शाळा, गाडीचे हप्ते हे सगळे सांभाळून दोन महिन्यांत नोकरी शोधायची, ही फार कठोर अट आहे.

ग्रीन कार्डाची वाट याहून लांब. आधी कामगार खात्याचे प्रमाणपत्र, मग कंपनीचा आय-१४० अर्ज आणि शेवटी कायम वास्तव्याचा अर्ज. प्रमाणपत्रासाठी अर्ज केला तो दिवस म्हणजे प्रायॉरिटी डेट, म्हणजेच रांगेतली जागा. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डे वर्षाला साधारण १,४०,०००, त्यातच पती-पत्नी आणि मुलेही मोजली जातात. कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे ७ टक्क्यांहून अधिक कार्डे येत नाहीत. भारताला आणि आइसलँडला मर्यादा एकच! त्यामुळे २०२५ साली भारतीयांच्या प्रमुख श्रेण्यांत दहा वर्षांहून जुने अर्ज हाताळले जात होते.

इथे नागरिकत्व नव्हे, जन्माचा देश मोजला जातो. नवरा पुण्यात जन्मलेला आणि बायको मस्कतमध्ये, तर दोघांनाही ओमानच्या रांगेत उभे राहता येते. आखाती देशांत जन्मलेल्या मराठी मुलामुलींना हे माहीत असायलाच हवे.

२०००च्या कायद्याने रांगेतल्यांना दिलासा दिला: आय-१४० मंजूर असेल तर सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. २०१५पासून अशांच्या एच-४ या कुटुंबीयांच्या व्हिसावरील जोडीदारांना कामाचा परवानाही मिळू लागला. कंपनी बदलली तर प्रमाणपत्र आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, पण जुनी प्रायॉरिटी डेट सहसा टिकते.

मुलांच्या बाबतीत मात्र कायदा निष्ठुर आहे. एकविसाव्या वर्षी मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. २००२चा बालसंरक्षणाचा कायदा आय-१४० प्रलंबित राहिल्याचे दिवस वयातून वजा करतो. रांगेत गेलेली वर्षे नाही. तिसऱ्या वर्षी टेक्सासला आलेली, तिथेच शिकलेली मुलगी आईवडिलांना ग्रीन कार्ड मिळण्याआधीच पात्रता गमावते. तिला विद्यार्थी व्हिसा घ्यावा लागतो, पुढे एच-१बीच्या निवडीत नाव लागावे लागते आणि ग्रीन कार्ड हवे असेल तर भारतात जन्मलेल्यांच्या त्याच रांगेत नव्या तारखेने उभे राहावे लागते.