वेताळाची गुहा आणि वेबसाइटचं अंतरंग

टाइम्स ऑफ इंडियाच्या प्रकाशन संस्थेने मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं आणि कवटीच्या गुहेत राहणारा, मुखवटा घातलेला वेताळ मराठी घरांत शिरला. १९९० मध्ये ही मालिका बंद पडली, तोवर तिचे आठशेवर अंक निघाले होते. तेव्हाच्या औरंगाबादेत शाळेत जाणाऱ्या पिढीला वेताळ, मँड्रेक आणि बहादूर तोंडपाठ होते. एकेक अंक हातोहाती गल्लीभर फिरायचा.

त्या पिढीची मुलं-नातवंडं आज उस्मानपुरा, टीव्ही सेंटर, निराला बाजार भागातल्या क्लासमध्ये वेब डेव्हलपमेंट शिकतात. मी या शहरात हाच विषय शिकवतो. फी भरायला आलेले वडील हमखास विचारतात, “सर, हा नेमकं शिकतोय काय? घरी विचारलं की फ्रंटएंड, बॅकएंड, एपीआय असं काहीतरी सांगतो आणि खोलीत जातो.” अशा वेळी मी वेताळाची आठवण काढतो. लहानपणी वाचलेल्या त्या जंगलात आजच्या वेबसाइटची बहुतेक मोठी तत्त्वं सापडतात, आणि ती समजायला गणित लागत नाही.

सुरुवात वेताळाच्या कपड्यांपासून करू. ली फॉक यांनी १७ फेब्रुवारी १९३६ रोजी अमेरिकन वृत्तपत्रांत वेताळाला आणलं. आपल्याला तो जांभळ्या पोशाखात आठवतो. स्वीडनच्या वाचकाला विचाराल तर तो निळा म्हणेल आणि इटलीचा वाचक लाल. गोष्ट तीच, संवाद तेच, रंग मात्र छापणाऱ्याने आपापला भरला. वेबपानाची रचना अशीच दोन थरांची असते. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ मध्ये सर्न या युरोपीय प्रयोगशाळेत वेबची कल्पना मांडली. त्यातून आलेली एचटीएमएल ही भाषा फक्त आशय सांगते: हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र. रंग, अक्षराचा आकार, मांडणी हे सगळं सीएसएस या वेगळ्या भाषेत लिहितात. तिचा प्रस्ताव होकॉन व्हियुम ली यांनी १९९४ मध्ये दिला आणि डिसेंबर १९९६ मध्ये ती अधिकृत झाली. त्याआधी रंगाची सूचना आशयातच खोचावी लागे. शंभर पानांच्या वेबसाइटवरचे मथळे निळ्याचे लाल करायचे, तर शंभर पानं उघडायची. आता एका फाइलमधली एक ओळ बदलली की काम झालं.

वेताळ शहरात जातो तेव्हा डोळ्यांवर काळा चष्मा, अंगात लांब कोट आणि डोक्यावर हॅट चढवतो आणि ‘मिस्टर वॉकर’ होतो. माणूस तोच, पण जागा बघून बदललेला. ईथन मार्कोट यांनी २०१० मध्ये ‘रिस्पॉन्सिव्ह डिझाइन’ या नावाने जी पद्धत मांडली ती हीच. पान आधी पडद्याची रुंदी विचारतं, मग तीन रकाने मांडायचे की एक ते ठरवतं. मोबाइलसाठी वेगळी वेबसाइट बांधायची गरज त्यामुळे संपली.

आता जादूगार मँड्रेक. काळा टोप, लाल अस्तराचा झगा, आणि हाताची एक खूण केली की समोरच्या गुंडाला हातातल्या पिस्तुलाचा साप झालेला दिसतो. पिस्तूल पिस्तूलच असतं, बदलते ती बघणाऱ्याची नजर. वेबपान दाखवणाऱ्या ब्राउझरमध्ये हे काम जावास्क्रिप्ट ही भाषा करते. नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक यांनी मे १९९५ मध्ये तिचा पहिला नमुना दहा दिवसांत लिहिला. मेन्यू उलगडतो, चित्रं सरकतात, बटण दाबताच बदामाचं चिन्ह लाल होतं, ही सगळी तिची करामत. कित्येकदा तो बदाम लाल होतो तेव्हा तुमची पसंती कंपनीच्या संगणकापर्यंत पोचलेलीही नसते. ती पोचेल असं गृहीत धरून पडद्यावर आधीच दाखवतात, म्हणजे वाट बघावी लागत नाही. फेसबुकने २०१३ मध्ये खुली केलेली रिअ‍ॅक्ट ही प्रणाली याच कामात मदत करते. पडदा कसा दिसायला हवा ते तिला सांगायचं. आधीच्या आणि आताच्या रूपात कुठे फरक आहे ते ती शोधते आणि तेवढाच भाग बदलते.

मँड्रेकची मर्यादा प्रत्येक विद्यार्थ्याने ओळखलीच पाहिजे, म्हणून वर्गात मी एक प्रयोग करून दाखवतो. पैठणी विकणाऱ्या दुकानाचं सरावासाठी बनवलेलं पान उघडतो. किंमत दिसते १८,००० रुपये. त्या आकड्यावर राइट क्लिक करून ‘इन्स्पेक्ट’ निवडलं की पानामागचा मजकूर उघडा पडतो. तिथे तीन शून्यं खोडली की पडद्यावर पैठणी १८ रुपयांची होते. मुलं हसतात, पण दुकानाच्या संगणकावर किंमत अजून अठरा हजारच असते. खरी चूक पुढे होते. पडद्यावरची किंमत ब्राउझर पाठवेल आणि आपण तीच खरी मानू, असं समजून एखादा नवशिका प्रोग्राम लिहितो, आणि दुकान बुडवतो. ब्राउझर ग्राहकाच्या हातात असतो. तिथे ग्राहक मँड्रेक होऊ शकतो. त्यामुळे तिकडून आलेली प्रत्येक गोष्ट दुकानाच्या संगणकाने, म्हणजे सर्व्हरने, स्वतःच्या नोंदींशी ताडून पाहायची. पडद्यावरचं ते फ्रंटएंड, सर्व्हरवरचं ते बॅकएंड, आणि या दोघांमधल्या अविश्वासावर वेबची निम्मी सुरक्षा उभी आहे.

फ्रंटएंड आणि बॅकएंड एकमेकांशी बोलतात कसे, ते मात्र वेताळाकडेच बघून कळतं. डेंकालीच्या जंगलात शिस्तबद्ध गस्ती दल आहे आणि वेताळ त्याचा सर्वोच्च प्रमुख आहे, पण दलातल्या कोणालाच प्रमुख कोण ते माहीत नाही. कर्नलच्या कचेरीत एक तिजोरी आहे. कर्नल त्यात अहवाल ठेवतो आणि दार लावतो. तिजोरीखालून एक भुयार जुन्या विहिरीपर्यंत जातं. वेताळ त्या वाटेने येऊन अहवाल उचलतो, हुकूम ठेवतो आणि निघून जातो. कर्नलला भुयार माहीत नाही, विहीर माहीत नाही, कवटीची गुहा तर नाहीच. त्याला दोनच गोष्टी ठाऊक असाव्या लागतात: कागद कुठे ठेवायचा आणि उत्तर कुठून घ्यायचं.

एपीआय म्हणजे ही तिजोरी. ठरलेल्या पत्त्यावर, ठरलेल्या नमुन्यात विनंती ठेवायची आणि ठरलेल्या नमुन्यातलं उत्तर उचलायचं. उत्तराबरोबर एक आकडा येतो. २०० म्हणजे काम झालं, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू इथे नाही, ५०० म्हणजे बिघाड आमच्या बाजूचा. अशी देवघेव कोणत्या शिस्तीने करावी याची मांडणी रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या पीएचडीच्या प्रबंधात ‘रेस्ट’ या नावाने केली. तिचा प्रभाव आजच्या बहुतेक एपीआयवर दिसतो.

शहरातल्या गुलमंडीवर चहाचे दहा रुपये मोबाइलने देताना अशा कितीतरी तिजोऱ्या क्षणात उघडतात आणि मिटतात. अ‍ॅप एका कंपनीचं, तुमचं खातं दुसऱ्या बँकेत, चहावाल्याचं तिसऱ्या, आणि मध्ये २०१६ मध्ये सुरू झालेली यूपीआय. एकाही बँकेला दुसरीचा आतला कारभार माहीत नसतो. संदेशाचा नमुना सगळ्यांनी मान्य केलेला असतो, आणि तेवढ्यावर पैसे पोचतात.

आता माझ्या सगळ्यात आवडत्या भागाकडे येतो. वेताळ अमर आहे, चारशे वर्षं तोच जिवंत आहे, असं जंगल मानतं. वाचकाला खरं माहीत असतं. १५३६ मध्ये चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेल्या एका माणसाने कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो. आपण वाचला तो एकविसावा. बदल रातोरात होतो आणि बाहेर कोणाला पत्ता लागत नाही.

हे जमतं कसं? गुहेत वह्या आहेत. प्रत्येक वेताळाने आपल्या हयातीतली प्रत्येक मोहीम त्यांत लिहून ठेवली आहे. नवा वेताळ त्या वाचतो, म्हणून दोनशे वर्षांपूर्वी पूर्वजांनी कोणत्या टोळीला काय वचन दिलं ते त्याला माहीत असतं. आठवण माणसात राहिली असती तर ती माणसाबरोबर गेली असती.

आजचे सर्व्हर याच तत्त्वावर बांधतात. विनंती हाताळणारा प्रोग्राम स्वतःपाशी काही साठवत नाही. जे लक्षात ठेवायचं ते डेटाबेसमध्ये, म्हणजे गुहेतल्या वह्यांत लिहितो. याला ‘स्टेटलेस’ रचना म्हणतात. त्यामुळे एखादा सर्व्हर मध्यरात्री बंद पडला तर यंत्रणा तो टाकून देते आणि नवा उभा करते. डॉकर या २०१३ मध्ये आलेल्या साधनाने तर प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं सामान एका बंद पेटीत भरून, ती हव्या त्या यंत्रावर उघडायची सोय केली. तुम्ही बँकेचं अ‍ॅप वापरत असताना पलीकडचा वेताळ बदललेला असू शकतो आणि तुम्हाला ते कधीच कळणार नाही.

एका बाबतीत वेताळ अपुरा पडतो: तो एका वेळी एकच असतो. दहावीच्या निकालाच्या दुपारी लाखो मुलं एकदम एकाच पानावर येतात, तिथे एकट्याचं काम नाही. त्यासाठी मार्व्हलचा ‘मल्टिपल मॅन’ हवा. १९७५ मध्ये आलेल्या या पात्राच्या अंगावर आघात झाला की त्याची हुबेहूब प्रत तयार होते. वेबसाइटवर भार वाढला की सर्व्हरच्या प्रतीही अशाच वाढवतात, आणि दारावरचा ‘लोड बॅलन्सर’ येणाऱ्यांना त्यांच्यात वाटून देतो. या नायकाची अडचणही बोधक आहे. प्रत्येक प्रत वेगळं जगून येते, वेगळ्या आठवणी जमवते, आणि पुन्हा एक होताना त्यांचा गुंता होतो. सर्व्हरच्या प्रती आठवणी स्वतःपाशी ठेवू लागल्या तर असाच घोळ होतो: एका प्रतीला तुम्ही लॉगिन केल्याचं माहीत, दुसरीला नाही. उपाय पुन्हा तोच, सगळ्यांनी एकाच वहीत लिहायचं.

लॉगिनचा विषय निघालाच आहे, तर वेताळाच्या अंगठ्या. एका अंगठीने दुष्टाच्या जबड्यावर कवटीचा ठसा उमटतो. दुसरीची खूण मित्राला मिळते आणि ती ज्याच्यापाशी आहे त्याला जंगलात कोणी हात लावत नाही. वेबचा मूळ नियम असा की सर्व्हर प्रत्येक विनंती संपली की तुम्हाला विसरतो. १९९४ मध्ये नेटस्केपमधल्या लू माँटुली यांनी त्यावर तोड काढली, ती म्हणजे कुकी. एकदा पासवर्ड बरोबर दिला की सर्व्हर एक खूण देतो, ब्राउझर ती पुढच्या प्रत्येक विनंतीबरोबर दाखवतो. ही खूण चोरीला गेली तर चोराला पासवर्डाची गरजच उरत नाही. सायबर कॅफेत किंवा दुसऱ्याच्या संगणकावर काम झालं की लॉगआउट करा असं आम्ही घसा कोरडा करून सांगतो ते यासाठी.

डेटाबेस आखायला शिकवताना मात्र मला कॉमिक्सची गरज पडत नाही, आपलं शहर पुरतं. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलं तेव्हा हे खडकी होतं. मग फतेहनगर झालं, मग औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नाव बदललं तरी मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४३१००१ तोच राहिला, गाड्यांवरचं एमएच २० तेच राहिलं आणि विमानतळाची आयएक्सयू ही खूणही. नोंदीची ओळख नावाला बांधायची नाही, कधीच न बदलणाऱ्या आकड्याला बांधायची. याला ‘प्रायमरी की’ म्हणतात. ज्यांनी आपल्या नोंदी नावावर बांधल्या होत्या, त्यांना त्यानंतर जागोजाग दुरुस्त्या कराव्या लागल्या असणार.

नव्या नावाने आणखी एक धडा दिला. रोमन लिपीत त्याची पंचवीस अक्षरं होतात, मधली मोकळी जागा धरून. गावाच्या नावाला वीसच घरं ठेवलेल्या अर्जात ते मावत नाही. देवनागरीत तर प्रत्येक चिन्हाला यूटीएफ-८ या पद्धतीत तीन बाइट, म्हणजे साठवणीची तीन घरं, लागतात. काना, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं धरली जातात, त्यामुळे मधल्या मोकळ्या जागेचा एक बाइट धरून ‘छत्रपती संभाजीनगर’ला एकूण ४९ बाइट होतात. इंग्रजी नावं डोळ्यांपुढे ठेवून डेटाबेसचा रकाना आखला, की आपलं नाव मध्येच तुटतं. इथल्या मुलांनी ही गोष्ट पहिल्या महिन्यातच शिकावी असं मला मनापासून वाटतं, कारण उद्या आपल्या लोकांसाठी अर्ज तेच आखणार आहेत.

शेवटी बहादूर. आबिद सुरती यांनी १९७६ मध्ये घडवलेला हा नायक भगवा कुडता आणि जीन्स घालायचा. त्याच्यापाशी कसलीच दैवी शक्ती नव्हती. डाकूंशी लढायला त्याने गावकऱ्यांचंच नागरिक सुरक्षा दल उभारलं. वेबचा पाया अशाच साध्या माणसांनी बांधलेला आहे. रिअ‍ॅक्ट, डॉकरचा गाभा, वेबसाइट उभारायचं २००३ चं वर्डप्रेस, प्रोग्राममधल्या बदलांची नोंद ठेवणारं, लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलेलं गिट, हे सगळं मुक्त स्रोत आहे. त्याचा मजकूर कोणीही फुकट वाचावा, सुधारावा. पण या दलातला एक शिपाई निघून गेला तर काय होतं तेही जगाने पाहिलं. मार्च २०१६ मध्ये एका प्रोग्रामरने वाद झाल्यावर आपली अकरा ओळींची ‘लेफ्ट-पॅड’ ही छोटी फाइल सार्वजनिक कोठारातून काढून घेतली. ती शब्दाच्या डावीकडे रिकाम्या जागा भरायची, बस इतकंच. तिच्यावर थेट किंवा आडून अवलंबून असलेले हजारो प्रकल्प काही तास तयारच होईनात. त्यानंतर एनपीएम या कोठाराने फाइल मागे घेण्याचे नियम कडक केले.

वर्डप्रेस आणि फायरफॉक्स ब्राउझरचं मराठी रूपही स्वयंसेवकांनीच घडवलं आहे. त्यात इंग्रजी वाक्यं समोर येतात, त्यांना चपखल मराठी सुचवायचं आणि जाणत्यांनी तपासलं की ते सगळ्यांच्या पडद्यावर येतं. प्रोग्रामिंग न येणाऱ्या पण मराठी चांगलं लिहिणाऱ्या आई-वडिलांनाही हे काम घरबसल्या, एका ब्राउझरवर करता येतं. खातं उघडून द्यायला घरातली मुलं आहेतच.