माळ्यावरची गाणी

गेल्या वर्षी कल्याणची आमची माहेरची इमारत पुनर्विकासाला गेली. घर रिकामं करायचं म्हणून माळा उपसायला घेतला. घंगाळ, जुने दिवाळी अंक, आणि सगळ्यात मागे दादाची पत्र्याची ट्रंक. आत रेकॉर्ड्‌स! दादा कॉलेजात असताना गिटार वाजवायचा, शिकवण्या करून पैसे साठवायचा आणि चोरबाजारातून इंग्रजी रेकॉर्ड्‌स आणायचा. 'तो धांगडधिंगा बंद कर' ही बाबांची रोजची हाक.

दादा आता नाही. प्लेअर तर केव्हाच बिघडलेला. खाली भंगारवाला उभा. मी म्हटलं, "घेऊन जा बाबा." त्याने वजन केलं, पैसे दिले. संध्याकाळी वहिनीने विचारलं, "अगं, ती ट्रंक कुठाय?" मला तोंड वर करून बघवेना. दुसऱ्या दिवशी धावत दुकानात गेले, पण माल पुढे गेला होता.

माझी अपराधी चर्या बघून लेकीने मला मोबाइलवर काही जुने अल्बम ऐकवले. रॉक म्हणजे केस वाढवून आरडाओरडा, एवढंच माझं ज्ञान! पण मैत्रिणींनो, आपण ज्या षण्मुखानंद सभागृहात गाण्याचे कार्यक्रम ऐकायला जातो, तिथेच एके काळी 'सिमला बीट' ही रॉक बँडची स्पर्धा रंगायची, हे तुम्हाला ठाऊक होतं? एका सिगारेटच्या ब्रँडने ती भरवली होती. त्यातल्या बँडच्या रेकॉर्ड्‌स १९७० आणि १९७१ साली निघाल्या. पुढे मुंबईच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या बँडचा अल्बम १९८१ साली आला आणि विस्मरणात गेला. २०११ साली तो अमेरिकेतल्या एका कंपनीने पुन्हा काढला.

मला चकित केलं ते चरणजित सिंग यांनी. हे मुंबईचे वादक. आर. डी. बर्मन यांच्यासारख्या संगीतकारांच्या गाण्यांत ते वाजवायचे, पण पडद्यावर त्यांचं नाव कोण वाचणार? १९८२ साली त्यांनी तीन नवी इलेक्ट्रॉनिक यंत्रं जोडून डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग वाजवले. भैरव, ललित, भूपाळी, मालकंस... सगळे आपल्या ओळखीचे. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, पण ती खपली नाही. रागदारीवाल्यांना हा डिस्को वाटला आणि डिस्कोवाल्यांना रागदारी. दुकानदाराने ती ठेवायची तरी कुठल्या फळीवर?

गंमत पुढेच आहे. १९८७च्या सुमारास अमेरिकेत शिकागोच्या तरुणांनी त्यातल्याच एका यंत्रावर 'ॲसिड हाउस' नावाचं नाचाचं संगीत काढलं, ते जगभर गाजलं. आणि २००२ साली एका डच संग्राहकाला दिल्लीत ही आपली रेकॉर्ड सापडली! २०१० साली ती नव्याने निघाली. मग सिंग यांना परदेशातून कार्यक्रमांची बोलावणी आली. २०१५ साली ते गेले, पण स्वतःच्या कामाचं कौतुक बघून गेले.

मी लग्नाआधी प्रवेशिकापर्यंत गाणं शिकले होते. त्यांचा यमन लावला. तंबोरा नाही, तबला नाही, नुसतं यंत्र! पहिल्या मिनिटाला नाक मुरडलं. पाचव्या मिनिटाला कढईखालचा गॅस बंद करून ऐकत उभी राहिले.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्याच एका गृहिणीची. कोलकात्याच्या रूपा बिस्वास भावाकडे कॅनडाला गेल्या होत्या. तिथे कॅलगरी शहरात त्यांनी 'डिस्को जॅझ' हा अल्बम गायला. चारच गाणी. सरोदवादक आशिष खान सोबत होते. १९८२ साली तो भारतात आला, तेव्हा सगळीकडे नाझिया हसनची चलती. रूपाताईंच्या अल्बमकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. त्या संसारात रमल्या. पुढे त्यांच्या मुलाला घरात ती रेकॉर्ड सापडली आणि कळलं, की परदेशात लोक आईच्या गाण्यावर नाचताहेत! २०१९ साली अल्बम पुन्हा निघाला.

खपलं नाही म्हणजे वाईट, असं आपण किती सहज ठरवतो ना! रेकॉर्डच्या बाबतीतही आणि घरातल्या माणसांच्या बाबतीतही. दादाचा तो 'धांगडधिंगा' काय होता, हे मला आता कधीच कळणार नाही. कव्हरांवरची नावंसुद्धा मी वाचली नव्हती.

आज ठाणे, डोंबिवली, कल्याण, जिकडेतिकडे जुन्या इमारती पाडताहेत. आमच्या महिला मंडळात मी आता एवढंच सांगते, माळा उपसाल तेव्हा रेकॉर्ड, कॅसेट भंगारात घालू नका. आधी नावं लिहून काढा. रेकॉर्ड आडव्या रचू नका, पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा, उन्हापासून लांब. धूळ मऊ सुती फडक्याने हलकेच टिपा. आणि घरातल्या मोठ्यांना विचारा, "ही कुणी आणली होती हो?"

परवा वहिनीकडे गेले होते. मोबाइलवर चरणजितांचा भूपाळी लावला. ती काही बोलली नाही. संपल्यावर म्हणाली, "पुन्हा लाव."