मनाच्या रोगांत अन्नाचा भाग

मनुष्याचें मन बिघडलें म्हणजे त्याचें कारण बहुधा दोन ठिकाणीं शोधण्यांत येतें. कोणी म्हणतात, बाहेरची बाधा झाली. कोणी म्हणतात, मनास मोठा धक्का बसला. रोग्याचें ताट व रक्त तपासून पहावें, हें फार थोड्यांस सुचतें. वास्तविक मेंदू हाही शरीराचाच अवयव आहे. वजनानें तो शरीराच्या सुमारें पन्नासावा भाग. परंतु मनुष्य स्वस्थ बसला असतां शरीरांत जी शक्ति खर्च होते, तिचा सुमारें पांचवा भाग तो एकटाच घेतो. अन्नापासून शक्ति उत्पन्न करण्याच्या क्रियेस चयापचय म्हणतात. तींत खंड पडल्यास मन डळमळावें, यांत नवल नाहीं.

याचें ठळक उदाहरण पेलाग्रा हा रोग होय. यांत उन्हांत उघडी राहणारी कातडी काळवंडून सोलते, हगवण लागते व शेवटीं भ्रम होऊन स्मृति जाते. मक्यावर जगणाऱ्या अमेरिकेच्या दक्षिण भागांतील गरिबांत हा रोग फार होता, व त्याचे पुष्कळ रोगी वेड्यांच्या इस्पितळांत पडलेले असत. १९१४ सालीं डॉ. जोसेफ गोल्डबर्गर यांनीं तपास आरंभिला. इस्पितळांतील रोग्यांस हा रोग होतो, पण त्यांच्यांत वावरणाऱ्या सेवकांस होत नाहीं, हें त्यांनीं पाहिलें. रोग संसर्गाचा नसून निकस अन्नाचा आहे, असें त्यांनीं ठरविलें. पुढें १९३७ सालीं कॉनराड एल्वेजेम यांनीं नायासिन या जीवनसत्त्वाचा गुण दाखविला. तें दिल्यावर कित्येक रोग्यांचा भ्रम थोड्याच दिवसांत ओसरूं लागला.

हा रोग आपल्या दख्खनच्या पठारावरही, केवळ ज्वारीवर पोट भरणाऱ्या गरिबांत, आढळला. हैदराबाद येथील डॉ. गोपालन व डॉ. श्रीकांतिया यांनीं १९६० सालीं त्याचा संबंध ज्वारींतील ल्युसीन या घटकाशीं जोडला. यांत भाकरीचा दोष नाहीं. भाकरीबरोबर दुसरें कांहींच न मिळण्याचा दोष आहे. डाळ, शेंगदाणे, दूध वा मासळी जोडीस असल्यास भाकरी उत्तम अन्न आहे.

आपल्या घणसोलींतील जुन्या आगरी-कोळी घरांचें जेवण भात व मासळीचें. मासळींत नायासिन व ब-१२ हीं दोन्ही असतात. परंतु जो दारूच्या आहारीं जातो, तो जेवणही टाकितो. त्यास ब-१ जीवनसत्त्वाची उणीव पडून डोळे भिरभिरतात, झोक जातो व बुद्धीस भ्रम होतो. हें नशेचेंच सोंग समजून घरचे स्वस्थ राहतात. वेळींच ब-१ चीं इंजेक्शनें दिल्यास रोगी सांवरतो. उशीर झाल्यास स्मृति कायमची जाते, प्रसंगीं प्राणही जातो. ब-१२ च्या उणीवेनेंही विस्मरण व भ्रम होऊं शकतात. दूधही न घेणाऱ्या शाकाहाऱ्यांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

तथापि सर्वच मनोरोग अन्नानें बरे होतात, असें मात्र मुळींच नाहीं. १९५० नंतर कॅनडांत स्किझोफ्रेनियाच्या रोग्यांस नायासिन भरपूर देण्याचा उपाय निघाला. पुढील काटेकोर चाचण्यांत तो टिकला नाहीं. पिष्ट अगदीं थोडें व स्निग्ध पदार्थ फार, असा किटोजेनिक आहार १९२१ पासून अपस्मारावर वापरण्यांत आला. अलीकडे मनोरोगांवरही त्याच्या लहान चाचण्या झाल्या व त्यांतून कांहीं आशा दिसते. परंतु तो अद्याप सिद्ध उपाय नव्हे, व डॉक्टरांच्या देखरेखीवांचून करूं नये. उलटपक्षीं मनोरोगावरील कांहीं औषधांनीं वजन व रक्तांतील साखर वाढते. म्हणून औषधांबरोबर आहार व व्यायाम संभाळणें हाही उपचाराचाच भाग आहे.

पालकांस विनंति इतकीच कीं, घरांतील कोणी अकस्मात् बडबडूं लागला किंवा माणसें विसरूं लागला, तर त्यास कोंडूं नये, भगताच्या दारींही दिवस घालवूं नयेत. त्यास डॉक्टरांकडे न्यावें, आहार व व्यसन लपवूं नये, आणि रक्त तपासून घ्यावें. १९०१ सालीं स्थापन झालेलें ठाण्याचें मनोरुग्णालय आपल्या गांवापासून दूर नाहीं. १४४१६ या सरकारी दूरध्वनीवरही सल्ला मिळतो. कोणाच्या सांगण्यावरून चालू औषध बंद करूं नये. औषध डॉक्टर देतील. वेळेवर वाढलेलें ताट व मायेचा शब्द मात्र घरच्यांनींच द्यावयाचा आहे.